जुनी कार्ट: आधी ओळख, मग पाना

जुनी मोटारसायकल घेताना हातात निदान आरसी बुक येतं. चेसिस नंबर, इंजिन नंबर, उत्पादनाचं वर्ष, आधीच्या मालकाचं नाव असं काहीतरी कागदावर असतं. जुन्या गो-कार्टला यातलं काहीच नसतं. ती रस्त्यासाठी बनलेलीच नाही, त्यामुळे कुठल्याही सरकारी दप्तरात तिची नोंद नाही. अमेरिकेत एखाद्या गॅरेज सेलमध्ये किंवा शेतघराच्या पडवीत ती सापडते. नळ्यांचा सांगाडा, भेगाळलेल्या टायरांची चार चाकं, फाटलेली सीट आणि मागे गंजलेलं एक छोटं इंजिन. विकणारा सांगतो, "वडिलांची होती, चालायची." तो खोटं बोलत नसतो, पण या माहितीचा उपयोग शून्य.

घेणारा उत्साहात ती घरी आणतो आणि तारेचा ब्रश घेऊन बसतो. दोन तासांत नळ्या चकचकीत होतात आणि तेवढ्या वेळात स्टिकरचा उरलेला कोपरा, मूळ रंगाचा थर, जोडावरची पितळी झाळ, इंजिनच्या पत्र्यावरचे पुसट आकडे, म्हणजे ओळखीचा बराचसा पुरावा, कचऱ्यात जातो. पहिल्या आठवड्यात या वाहनाला फक्त चार गोष्टी लावाव्यात असं माझं ठाम मत आहे: कॅमेरा, मोजपट्टी, वही आणि रॉकेलनं ओलं केलेलं फडकं.

पुरावा वाचायचा तर ही वाहनं कुठून आली ते ठाऊक हवं. १९५६ साली आर्ट इंगल्स या कारागिरानं पहिली कार्ट बनवली. कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल इथल्या कर्टिस क्राफ्ट या कंपनीत तो इंडियानापोलिसच्या शर्यतींच्या मोटारी बनवत असे. इंजिनाच्या कामात त्याला लू बोरेली या मित्राची साथ होती. वापरलेलं इंजिन वेस्ट बेंड कंपनीचं, जेमतेम अडीच अश्वशक्तीचं, टू-स्ट्रोक. मॅककुलक कंपनीचा गवत कापायच्या यंत्राचा धंदा फसला होता आणि त्यातून उरलेली ही इंजिनं स्वस्तात मिळत होती. इंगल्स अंगानं चांगलाच भरलेला. इंजिन त्याला धड ओढेना, तेव्हा बोरेलीनं त्यात फेरफार करून दम वाढवला. पॅसाडेनाच्या रोझ बोल मैदानाच्या भल्यामोठ्या पार्किंगमध्ये हे खेळणं फिरू लागलं आणि बघ्यांनी आपापल्या शेडमध्ये तसंच बनवायला घेतलं.

त्या बघ्यांत मफलरचं दुकान चालवणारा डफी लिव्हिंगस्टोन होता. रॉय डेसब्रो आणि बिल रोल्स यांना बरोबर घेऊन त्यानं लॉस एंजेलिसजवळच्या अझूसा गावात कंपनी काढली आणि तिचं नाव ठेवलं 'गो कार्ट'. म्हणजे हे नाव मुळात एका कंपनीचं होतं. विकणारा 'ओरिजिनल गो कार्ट' म्हणाला तर तो या कंपनीबद्दल बोलतोय की सरसकट सगळ्या कार्टबद्दल, हे आधी विचारून घ्यावं. किमतीत फरक पडतो.

पुढच्या तीन-चार वर्षांत अमेरिकेत कार्ट बनवणाऱ्यांचं पीक आलं. ओहायोतल्या मॅन्सफील्डमध्ये मिकी रप 'डार्ट कार्ट' बनवत होता. हाच माणूस १९६५ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत सहावा आला. १९६० ची तीच शर्यत जिंकणाऱ्या जिम रॅथमनच्या नावानंही कार्ट विकल्या गेल्या. सेंट लुईसमध्ये १९६४ साली सुरू झालेली मार्गे ही कंपनी आजही कार्ट बनवते. पण या नावाजलेल्या मंडळींच्या आजूबाजूला गावोगावचे वेल्डर होते. त्यांनी मासिकातला नकाशा पाहून किंवा शेजाऱ्याची कार्ट मोजून दहा-वीस नग बनवले आणि धंदा बंद केला. तुमच्या हाती आलेली कार्ट यांपैकीही असू शकते. अशा कार्टला नाव मिळत नाही आणि ते मान्य करायची तयारी आधीपासून ठेवलेली बरी.

म्हणून ओळख सांगाड्यापासून सुरू करू नये, इंजिनापासून करावी. इंजिनं मोठ्या कारखान्यांत बनली. त्यांच्यावर आकडे आहेत आणि त्या आकड्यांना अर्थ आहे.

सगळ्यात सोपं प्रकरण ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं. मिलवॉकीच्या या कंपनीची फोर-स्ट्रोक इंजिनं अंगणातल्या कार्टांवर हजारोंनी बसली. प्लगच्या वर वारा ढकलणारं पत्र्याचं आवरण असतं, त्यावर आकड्यांचे गट ठोकलेले दिसतात: मॉडेल, टाइप आणि कोड. समजा मॉडेल ८०२०२ आहे. पहिला ८ म्हणजे सुमारे आठ घनइंच क्षमता. त्यानंतरचा शून्य रचनेचा क्रम सांगतो. पुढचा २ म्हणजे क्रँक आडवा आणि कार्बुरेटर पल्साजेट जातीचा, त्यानंतरचा शून्य म्हणजे साधी बेअरिंग, शेवटचा २ म्हणजे दोरी आपोआप गुंडाळणारा स्टार्टर. कोड तर सरळ तारीखच असते. ६८०५१२०२ असेल तर १९६८ सालचा मे महिना, तारीख १२, शेवटचे दोन आकडे कारखान्यासाठी. एवढी स्वच्छ जन्मतारीख माणसांच्याही जुन्या दाखल्यांवर मिळत नाही! मात्र हा पत्रा चार बोल्ट काढले की निघतो आणि दुसऱ्या इंजिनावर बसतो. पत्रा १९६८ चा आणि खालचा ब्लॉक भलत्याच वर्षाचा, असं सर्रास आढळतं.

टेकुम्से कंपनीच्या फोर-स्ट्रोक इंजिनांवर मॉडेलच्या आधी एच असेल तर क्रँक आडवा, व्ही असेल तर उभा, आणि एच ३५ म्हणजे साडेतीन अश्वशक्ती. त्यांच्या अनुक्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो, पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ८१०५ वरून आठवर संपणाऱ्या वर्षातला एकशे पाचवा दिवस कळतो; पण १९६८ की १९७८, ते इतर खुणांवरून ठरवायचं.

टू-स्ट्रोकची गोष्ट जास्त रंगतदार आहे. विस्कॉन्सिनमधली वेस्ट बेंड ही मुळात ॲल्युमिनियमची भांडी बनवणारी कंपनी. तिच्या इंजिनाला ५८० म्हटलं तर क्षमता ५.८ घनइंच, ८२० म्हटलं तर ८.२. १९६५ साली हा इंजिनांचा विभाग क्रायस्लरनं घेतला. त्यामुळे एकाच घडणीच्या दोन इंजिनांपैकी एकावर वेस्ट बेंड आणि दुसऱ्यावर क्रायस्लर लिहिलेलं असेल तर दुसरं १९६५ नंतरचं. पॉवर प्रॉडक्ट्स ही त्याच राज्यातली कंपनी, जी १९५० च्या दशकात टेकुम्सेच्या ताब्यात गेली. तिच्या एएच ४७ आणि एएच ५८ या नावांतही ४.७ आणि ५.८ घनइंच दडलेले आहेत. आयोवातल्या मकोकेटा गावच्या क्लिंटन कंपनीची ए ४९० सारखी इंजिनंही सुरुवातीच्या स्वस्त कार्टांवर भरपूर दिसतात. त्या गावात आता क्लिंटन इंजिनांचं संग्रहालय आहे.

आणि मॅककुलक. ज्या कंपनीच्या फसलेल्या धंद्यातलं इंजिन पहिल्या कार्टला मिळालं, तीच १९५९ मध्ये एमसी १० हे खास कार्टसाठीचं इंजिन घेऊन बाजारात उतरली. कंपनीचा मुख्य धंदा लाकूड कापायच्या साखळी-करवतींचा, आणि हे इंजिन त्या करवतींच्याच घराण्यातलं. इथे थोडं अवांतर: कंपनीचा मालक रॉबर्ट मॅककुलक यानं १९६८ साली लंडनचा जुना पूल विकत घेतला, त्याचे दगड उतरवून ॲरिझोनाच्या वाळवंटात, स्वतः वसवलेल्या लेक हवासू सिटी या गावात आणले आणि पूल पुन्हा उभा केला. तो तिथे अजून आहे. असल्या माणसाला कार्टच्या इंजिनात रस वाटला यात नवल नाही.

मॅककुलकच्या नावांतले आकडे क्षमता सांगत नाहीत, इथे नवखे फसतात. एमसी १० ची क्षमता ८७ सीसी, एमसी १०१ ची १२३ सीसी, आणि दोन्हींचा बाह्य तोंडवळा बराच मिळताजुळता. नावाची पट्टी पाहून पैसे मोजू नयेत. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली सरक, मोजावा. बोअरचा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक. एमसी १० चा बोअर सव्वादोन इंचाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी, म्हणजे ५४ मिलिमीटर, आणि स्ट्रोक दीड इंच, म्हणजे ३८.१ मिलिमीटर. गुणाकार ८७ सीसीच्या आसपास येतो. इंजिन उघडायचं नसेल तर प्लगच्या भोकातून पातळ सळई घालून पिस्टन वर-खाली किती सरकतो ते मोजता येतं. त्यात थोडा फरक पडतो, पण ८७ आणि १२३ मधला गोंधळ तेवढ्यानं मिटतो. करवतीचंच इंजिन कुणी कार्टवर बसवलेलं नाही ना, हेही पाहावं. करवतीच्या मुठीचे बोल्ट बसायच्या जागा आणि साखळीच्या तेलाची टाकी लपत नाहीत.

इंजिनाची तारीख कळली म्हणून कार्टची तारीख कळली असं नाही. शर्यतीत पळणाऱ्या कार्टचं इंजिन एकेका हंगामात दोनदा बदललं जाई. सांगाड्याची चौकशी वेगळी करावी लागते आणि त्यात मागचा ॲक्सल सगळ्यात जास्त बोलतो. आपल्याकडचे फिटर जाडी सुतात मोजतात, ती पद्धत इथे नेमकी उपयोगी पडते. सुरुवातीच्या कार्टांचे ॲक्सल पाच सुती किंवा सहा सुती, पुढे एक इंची आणि सव्वा इंची आले. २५, ३० किंवा ४० अशी मिलिमीटरमध्ये गोल येणारी जाडी दिसली तर युरोपचा वारा लागला आहे असं समजावं. साखळीचंही तसंच. एका कडीपासून दुसऱ्या कडीचं अंतर तीन सूत असेल तर ३५ नंबरची साखळी, चार सूत असेल तर बहुधा ४१ नंबरची. नंतरच्या शर्यतीच्या कार्टांवरची २१९ नंबरची साखळी ७.७७ मिलिमीटरची असते.

पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही मोजावं. अमेरिकन शर्यतींच्या नियमांत ते ४० ते ५० इंचांत बसावं लागे. त्याबाहेरची कार्ट बहुतेक अंगणात मुलांनी फिरवायची असणार. ब्रेक पाहावा. टायरवर थेट घासणारी लोखंडी पट्टी, ड्रमभोवतीचा पट्टा आणि डिस्क, असे टप्पे साधारण या क्रमानं आले. इंजिन सीटच्या मागे आहे की ड्रायव्हरच्या बगलेला, तेही लिहून ठेवावं. बगलेत इंजिन असलेली रचना नंतरची. नळ्यांचे जोड पितळी झाळेचे आहेत की आर्क वेल्डिंगचे, आणि त्यांतला कुठला जोड बाकीच्यांपेक्षा ओबडधोबड आहे? तो नंतरचा, कुणीतरी घरी केलेला. रिकामी भोकं तर आवर्जून मोजावीत. मूळ इंजिनाच्या पायाचे बोल्ट कुठे होते ते या भोकांवरून कळतं, आणि त्यांच्यामधलं अंतर एखाद्या इंजिनाशी जुळलं की मूळ जोडी कोणती होती याचा अंदाज बांधता येतो.

इतकं झाल्यावर पाना हातात घ्यायला हरकत नाही. आता पहिला प्रश्न: इंजिन फिरतं का?

न फिरणाऱ्या इंजिनाची दोरी ओढू नये. प्लग काढावा, सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल ओतावं आणि चार-आठ दिवस विसरून जावं. टू-स्ट्रोकमध्ये एक सोय असते. सायलेन्सर काढला की एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टनची कड आणि रिंग डोळ्यांना दिसते. तिथे उभे ओरखडे दिसले तर इंजिन तापून जाम झालं होतं. नुसता तपकिरी गंज दिसला तर ते ओल लागून अडकलंय, आणि त्याला आशा आहे. मग फ्लायव्हीलच्या नटावर पाना लावून दोन्ही दिशांना हळूहळू डोलवावं. एका दिशेला जोर लावला तर पिस्टनऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो. फ्लायव्हील काढायची वेळ आली तर पुलर वापरावा. क्रँकच्या टोकावर हातोडा मारून ते निघतं हे खरं, पण क्रँक पुन्हा सरळ फिरेल याची खात्री राहत नाही.

इंजिन मोकळं झालं की ठिणगी. इथे मराठी वाचकाला परकं काही नाही. जुनी चेतक, राजदूत किंवा लुना ज्यानं सांभाळली त्याला कॉन्टॅक्ट पॉइंट, कंडेन्सर आणि मॅग्नेटो समजावून सांगायला नकोत. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पॉइंटवर पांढुरकी बुरशीसारखी पुटं चढतात आणि वीज पुढे जात नाही. बारीक पॉलिश पेपरनं साफ केले, स्पिरिटनं पुसले आणि फट नीट लावली की निम्म्या 'मेलेल्या' इंजिनांत ठिणगी येते. जुन्या ब्रिग्जसाठी ही फट २० थाऊ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश. प्लगची ३० थाऊ. मॅककुलकच्या पॉइंटची फट १८ थाऊ. फ्लायव्हीलचं चुंबक आणि कॉइल यांच्यातली फट दहा-बारा थाऊ ठेवायची. फिलर गेज नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकवून कॉइल आवळतात.

ठिणगी जोरकस आहे, पेट्रोल पोचतंय, तरी इंजिन फटाके फोडतंय किंवा दोरीला उलटा झटका देतंय, असं झालं तर फ्लायव्हीलची चावी पाहावी. ब्रिग्जच्या इंजिनांत ती मुद्दाम मऊ धातूची असते. झटका बसला की आधी ती कापली जाते आणि क्रँक वाचतो. अर्धवट कापली गेली तर फ्लायव्हील थोडं सरकतं आणि ठिणगी भलत्या वेळी पडते. तिच्या जागी लोखंडाची चावी कानसून बसवणारे बहाद्दर जगात सगळीकडे आहेत. मऊ चावी काही रुपयांची, क्रँक हजारोंचा.

जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचा खरा शत्रू मात्र दिसत नाही. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंद असावी लागते. क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी ऑइल सील साठ वर्षांत दगडासारखी कडक झालेली असतात. इंजिन चालू होतं, मालक खूश होतो, पण सीलच्या फटीतून जास्तीची हवा आत शिरत असते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, त्याबरोबर तेलही कमी पोचतं, पिस्टन तापून फुगतो आणि दहाव्या मिनिटाला सिलिंडरला चिकटतो. रिकाम्या फिरण्यात इंजिन आपोआप वेग वाढवत असेल, किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर वेग उतरायला वेळ लागत असेल, तर ताबडतोब बंद करावं. सील बदलल्याशिवाय जुनं टू-स्ट्रोक पूर्ण वेगानं पळवू नये. या एका नियमाला मी अपवाद मानत नाही. वेस्ट बेंड आणि मॅककुलकमध्ये आत येणाऱ्या वाटेवर रीड, म्हणजे पातळ पोलादी पाकळ्या असतात. इंजिन उघडलंच आहे तर त्यांच्या कडा तुटल्या आहेत का आणि त्या सपाट बसतात का, हे उजेडासमोर धरून पाहून घ्यावं.

कार्बुरेटर बहुधा टिलॉटसन एचएल जातीचा निघतो. त्यात फ्लोट नसतो, एक लवचीक पडदा असतो. करवत आडवी-उभी कशीही धरावी लागते, म्हणून ही रचना. कार्टच्या हादऱ्यांतही ती टिकली. पडदा वाळून कडक झाला की पेट्रोल येत नाही. टिलॉटसन कंपनी ओहायोतल्या टोलेडोहून आयर्लंडला गेली तरी पडदे आणि गॅस्केटचे किट आजही मिळतात, आणि साठ वर्षांपूर्वीच्या यंत्राच्या बाबतीत हे भाग्यच म्हणायचं. किट बदलल्यावर दोन्ही सुया पूर्ण बंद करून एकेक फेरा उघडायच्या आणि तिथून पुढे इंजिनाच्या आवाजावर जुळवणी करायची. बंद करताना सुई आवळायची नाही, नुसती टेकवायची. आवळली तर तिच्या टोकाला खाच पडते आणि ती पुढे कधीच नीट जुळत नाही.

तेलाच्या प्रमाणावर हौशी मंडळींत हाणामारी होईल इतके मतभेद आहेत. त्या काळच्या इंजिनांवर १६ किंवा २० भाग पेट्रोलला एक भाग तेल असं लिहिलेलं सापडतं. आजचं टू-स्ट्रोक तेल सुधारलेलं आहे, म्हणून पन्नासाला एक चालेल, असं डब्यावर वाचून काही जण तसंच भरतात. चालत नाही. साठच्या दशकातल्या बेअरिंगांना जास्त तेल लागतं. वीसला एक धरावं, थोडा धूर सहन करावा. शर्यतीची मंडळी त्या काळी एरंडेल वापरत. उष्णतेत ते उत्तम टिकतं, पण इंजिन उभं राहिलं की आत लाखेसारखा थर बसतो. हौसेच्या इंजिनाला त्याची गरज नाही. पेट्रोलमधल्या इथेनॉलचा त्रास मात्र खरा आहे. अमेरिकेत ते साधारण दहा टक्के असतं, भारतात आता पंपावर वीस टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्यानं सुजतं आणि हवेतलं पाणी टाकीत उतरतं. फिरून आल्यावर टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करून ठेवणं हाच उपाय.

फोर-स्ट्रोक ब्रिग्ज घेणाऱ्यांसाठी इशारा एकच, पण मोठा. वेग वाढावा म्हणून गव्हर्नर काढू नये. कारखान्यानं हे इंजिन मिनिटाला सुमारे ३६०० फेऱ्यांपर्यंत रोखलेलं असतं. आतला कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा आणि फ्लायव्हील साधं ओतीव. मोकाट सोडलं की आधी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, आणि नशीब वाईट असेल तर फ्लायव्हील फुटतं. ते ड्रायव्हरच्या पाठीमागे वीतभर अंतरावर फिरत असतं.

सांगाड्याच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूनं होतं. कार्टला स्प्रिंग नाहीत, शॉक ॲब्सॉर्बर नाहीत आणि मागच्या दोन चाकांत डिफरेन्शियलही नाही; दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट, एकाच वेगानं फिरतात. वळणावर आतलं चाक कमी अंतर कापतं, त्यामुळे ते जमिनीवर घासायला हवं आणि कार्ट सरळ जायला हवी. तसं होत नाही, कारण पुढच्या चाकांच्या खुंट्या तिरक्या बसवलेल्या असतात. स्टिअरिंग वळवलं की आतलं पुढचं चाक किंचित खाली दाबलं जातं, सांगाडा पिळवटतो आणि आतलं मागचं चाक उचललं किंवा हलकं होतं. नळ्यांचा हा पीळ म्हणजेच या वाहनाचं सस्पेन्शन. जुनी कार्ट हातात आली की आपला वेल्डर म्हणतो, "साहेब, इथे अँगल मारू, इथे पट्टी देऊ, आयुष्यभर हलणार नाही." नेमकं हलणं बंद झाल्यावर कार्ट वळेनाशी होते आणि ताण जाऊन दुसऱ्या जोडावर बसतो, तिथे नळी तडकते. तडा असेल तर तो भरावा. मजबुती वाढवू नये.

तडे कुठे शोधायचे तेही ठरलेलं आहे: ॲक्सलच्या बेअरिंगचे कान, पुढच्या खुंट्यांचे कंस, इंजिनाचा पाया आणि सीटचे टेकू. त्या जागी रंगाला केसासारखी रेघ पडून तिच्यातून गंज पाझरलेला दिसतो. सांगाडा वाकला आहे का ते पाहायला सपाट फरशी आणि दोरी पुरते. दोन्ही कर्ण मोजावेत, चारी टोकं फरशीला टेकतात का ते पाहावं. स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकं, त्यांचे बोल्ट आणि ब्रेकची जोडणी मात्र जुनी ठेवायचा मोह टाळावा. मूळपणाचा आग्रह तिथे लागू नाही.

रंगाकडे वळण्याआधी तीन धोके. जुन्या रंगांत शिसं असतं आणि जुन्या ब्रेक-क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस, म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नये. ओल्या वॉटर पेपरनं, तोंडावर मास्क लावून काम करावं. चाकं मॅग्नेशियमची निघू शकतात. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की बुडबुडे येतात, ॲल्युमिनियमवर तसे येत नाहीत. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो आणि पाणी मारलं तर आणखी भडकतो, तेव्हा त्यावर ग्राइंडर चालवायचा नाही. आणि काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनची द्रव्यं असतात. अशा क्लीनरनं पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर विषारी वायू तयार होतो.

रंग काढायचा की ठेवायचा? नव्या पावडर कोटिंगमध्ये चकाकणारी कार्ट फोटोत सुंदर दिसते. पण मूळ रंगाचा साठ टक्के भाग जरी शाबूत असेल तरी मी तो ठेवावा म्हणेन. गंज थांबवावा, मेण चढवावं आणि थांबावं. नवा रंग कधीही देता येतो, जुना परत मिळत नाही.

महाराष्ट्रात अशी साठ वर्षांपूर्वीची अमेरिकन कार्ट सापडण्याची शक्यता फार थोडी. मात्र आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं स्पर्धांसाठी कार्ट बनवतात आणि स्पर्धा संपली की ती वर्कशॉपच्या मागे ताडपत्रीखाली जाते. तिच्यावर मोटारसायकलचं गिअरवालं इंजिन असतं, क्रँककेसवर नंबर ठोकलेला असतो आणि सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत मिळतात. शिकायला याहून स्वस्त साधन नाही. मात्र अशी कार्ट भंगारातून घेताना इंजिनाचे कागद मागावेत, कारण त्या इंजिनाची नोंद एखाद्या गाडीवर असू शकते. आणि अमेरिकेत राहणाऱ्या वाचकाला, ज्याच्या घरामागे दोन गाड्यांचं गॅरेज आहे आणि हिवाळाभर हाताला काम नाही, त्याला तर खरी जुनी कार्ट शेजारच्या गावात मिळू शकते.

घ्यावी कुठली? मूळ इंजिन आणि मूळ सांगाडा जुळत असलेली वेस्ट बेंड किंवा मॅककुलकची कार्ट, रंग उडालेली असली तरी, सगळ्यात चांगली खरेदी. ब्रिग्जवाली अंगणातली कार्ट किमतीला कमी पण मुलांसोबत दुरुस्त करायला सगळ्यात सोयीची. जागोजागी पट्ट्या मारलेला सांगाडा फक्त सुट्या भागांसाठी घ्यावा. आणि बनवणाऱ्याचं नाव सापडलंच नाही, तर नवीन छापलेलं कुठल्या तरी प्रसिद्ध कंपनीचं स्टिकर तिच्यावर चिकटवू नका. इंजिनावरचा कोड, ॲक्सलची जाडी, भोकांची मापं आणि पहिल्या दिवशीचे फोटो एका वहीत ठेवा आणि कार्ट विकाल तेव्हा ती वही सोबत द्या.